व्हीएम बॅकअपच्या स्टोरेजवर लो डिस्क स्पेस अलर्ट: टक्के सोडा, दिवस मोजा

व्हीएमचे (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे आभासी कॉम्प्युटर) बॅकअप लावून दिले, जॉब, म्हणजे ठरलेल्या वेळी चालणारी बॅकअपची कामं, रोज हिरवे दिसतायत, म्हणजे झालं काम असं वाटतं आणि मग काही महिन्यांनी एका सकाळी सगळे जॉब लाल, एरर एकच, डिस्कवर जागा नाही. गंमत म्हणजे अशा वेळी बऱ्याच जणांकडे अलर्ट लावलेला असतोच. ९० टक्क्यांवर. मेलपण आलेला असतो, रात्री दोन वाजता, आणि तीन वाजता डिस्क फुल. असा अलर्ट असून नसून सारखाच.

साध्या फाईल सर्व्हरवर जागा संपली तर चार जुन्या फाईली उडवल्या की दहा मिनिटांत श्वास घेता येतो. बॅकअप स्टोरेज तसं नसतं. तिथे जागा मोकळी करायलाच वेळ लागतो, कधी एक दिवस, कधी दोन आठवडे, आणि काही वेळा तर जागा मोकळी करायलाही आधी जागा लागते. म्हणून इथला अलर्ट "किती टक्के भरली" यावर लावून भागत नाही, "मला काहीतरी करायला किती दिवस उरलेत" यावर लावावा लागतो. पुढे सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय. कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे दिलीत, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.

आधी बघा, नक्की काय काय भरू शकतं

लोक फक्त बॅकअप रिपॉझिटरीवर अलर्ट लावतात. पण बॅकअपच्या भानगडीत भरणाऱ्या जागा कमीत कमी तीन आहेत.

पहिली म्हणजे रिपॉझिटरी किंवा डेटास्टोअर, जिथे बॅकअपच्या फाईली पडतात. दुसरी म्हणजे प्रॉडक्शनचं, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाचं स्टोरेज, जिथे व्हीएम चालतायत (व्हीएमवेअरमध्ये यालाही डेटास्टोअरच म्हणतात). बॅकअप चालू असताना व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही मध्ये (ही व्हीएम चालवणारी सॉफ्टवेअर) व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली अवस्था, घेतला जातो आणि तोवर होणारी सगळी लिखापढी एका वेगळ्या डेल्टा फाईलमध्ये जाते, बॅकअप लांबला किंवा स्नॅपशॉट मागे राहून गेला की ती फाईल फुगत जाते आणि डेटास्टोअर भरलं तर बॅकअप राहू दे बाजूला, चालू व्हीएमच थांबतात. हायपर-व्ही मध्ये तर व्हीएमची अवस्थाच पॉज्ड-क्रिटिकल अशी दिसते. तिसरी म्हणजे बॅकअप सर्व्हरची स्वतःची रूट डिस्क, म्हणजे सिस्टमची डिस्क, तिथे लॉग, डेटाबेस, कॅश हे सगळं असतं आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

या तिसरीचा माझा अनुभव सांगतो. एनएफएस शेअर (नेटवर्कवरची डिस्क) एका फोल्डरवर माउंट केलेला, म्हणजे जोडलेला, बॅकअप तिथे जायचे. एकदा सर्व्हर रीबूट झाला, शेअर माउंटच झाला नाही, पण फोल्डर तर तिथे होताच, मग काय, बॅकअप इमानदारीत त्या रिकाम्या फोल्डरमध्ये म्हणजे रूट डिस्कवर लिहायला लागला. दीड तासात रूट फुल, सर्व्हर अर्धमेला. आणि माझी स्क्रिप्ट त्या फोल्डरचीच जागा बघत होती, सुरुवातीला तिला रूट डिस्कची भरपूर मोकळी जागा दिसली म्हणून ती गप्प, नंतर बोंब मारायची वेळ आली तेव्हा मेल पाठवायलाही डिस्कवर जागा नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी मी कधी सोडत नाही. शेअर अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर +आय (बदल करायला कुलूप) लावून टाकायचं, म्हणजे माउंट नसेल तर त्यात रूट युझरलाही (सगळे अधिकार असलेल्यालाही) लिहिता येत नाही आणि जॉब लगेच फेल होतो, जे हवंच आहे. आणि जागा मोजायच्या आधी माउंटपॉइंट -क्यू ने तपासायचं की इथे खरंच काही माउंट आहे का. प्रॉक्समॉक्स मध्ये (हेही व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) डिरेक्टरी टाईपचं स्टोरेज वापरत असाल तर त्याला इज_माउंटपॉइंट नावाचा ऑप्शन आहे, तो येस करा.

डीएफ जे दाखवतं ते तुमच्या कामाचं आहे का

डीएफ -एच (डिस्कवरची जागा दाखवणारी लिनक्सची कमांड) मारलं, आकडा बघितला, संपलं, असं नाहीये.

ईएक्सटी४ वर (लिनक्सची नेहमीची फाईलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) डीफॉल्टने ५ टक्के ब्लॉक रूट युझरसाठी राखीव असतात. १० टीबीच्या व्हॉल्युमवर ते जवळपास ५०० जीबी होतात. बॅकअप जर साध्या युझरने लिहिला जात असेल तर त्याच्यासाठी ही जागा नाहीच, त्यामुळे अलर्टमध्ये नेहमी अ‍ॅव्हेलेबल हा कॉलम घ्या, साइझ वजा यूज्ड असं करू नका. फक्त डेटाची डिस्क असेल तर ट्यून२एफएस -एम ने हे प्रमाण १ टक्क्यावर आणता येतं, मोफतची जागा आहे, घ्या.

झेडएफएस ही दुसरी फाईलसिस्टम, तिच्यावर झेडपूल लिस्ट आणि झेडएफएस लिस्ट वेगवेगळे आकडे दाखवतात. रेडझेड (झेडएफएसचा रेड) असेल तर पहिल्यात पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवायची जादा माहिती) धरून कच्ची जागा दिसते, दुसऱ्यात वापरण्याजोगी. अलर्ट दुसऱ्यावर लावा. शिवाय झेडएफएस कॉपी-ऑन-राइट आहे, म्हणजे प्रत्येक बदल जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिते, त्यामुळे डिलीट करायलाही थोडं लिहावं लागतं. त्यासाठी ती स्वतःहून थोडी जागा मागे ठेवते, साधारण बत्तिसावा हिस्सा, मोठ्या पूलवर (पूल म्हणजे एकत्र केलेल्या डिस्क) नव्या आवृत्त्यांत त्याहूनही कमी, पण त्यावर विसंबू नका, पूल काठोकाठ भरला की सगळं मुंगीच्या पावलांनी चालतं. माझी सवय अशी की पूल बनवल्याबरोबर एक रिकामा डेटासेट करायचा, त्याला १००-२०० जीबीचं रिझर्व्हेशन, म्हणजे राखीव जागा द्यायची आणि विसरून जायचं. खरंच अडकलात तर ते रिझर्व्हेशन काढायचं, हातपाय हलवायला जागा मिळते.

आयनोडही (प्रत्येक फाईलीमागे लागणारी नोंद) बघा, डीएफ -आय ने. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर व्हीएमचा डेटा ४ एमआयबीच्या तुकड्यांमध्ये कापतो आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी फाईल, म्हणजे १ टीआयबी डेटाला कॉम्प्रेशनच्या आधीच्या हिशोबाने २,६२,१४४ फाईली. ईएक्सटी४ मध्ये आयनोडची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, जागा शिल्लक असून "जागा नाही" एरर येते तेव्हा हे कारण असू शकतं. एक्सएफएस आणि झेडएफएस वर हा त्रास सहसा होत नाही.

आणि डीयू वर (फाईलींचे आकार मोजणारी कमांड) तर अजिबात विश्वास ठेवू नका. रेफएस (विंडोजची फाईलसिस्टम) किंवा एक्सएफएस वर ब्लॉक क्लोनिंग चालू असेल तर एकच ब्लॉक अनेक फाईलींमध्ये सामायिक असतो, डीयू तो प्रत्येक वेळी वेगळा मोजतं, त्यामुळे २४ टीबीच्या डिस्कवर ४० टीबीच्या फाईली दिसल्या तर घाबरू नका. मात्र याच फाईली दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला गेलात तर तिथे त्या पूर्ण आकाराच्या होणार. जागा कमी पडली की दुसरीकडे हलवू, असा प्लॅन असेल तर हे आधीच डोक्यात असू द्या.

जागा मोकळी करायला किती वेळ लागतो

हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय अलर्टचा आकडा ठरवूच नका.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरणारे इथे हमखास फसतात. जुने बॅकअप प्रून केले, म्हणजे छाटले, लिस्टमधून गेले, पण जागा तेवढीच. कारण प्रून फक्त इंडेक्स काढतं, खरे तुकडे गार्बेज कलेक्शन काढतं, आणि तेसुद्धा एका दिवसाहून जास्त वेळ हात न लागलेलेच तुकडे काढतं, २४ तास ५ मिनिटं असा तो हिशोब आहे. मुद्दाम ठेवलाय तो, चालू बॅकअपचे तुकडे चुकून उडू नयेत म्हणून. म्हणजे आज प्रून केलं तर जागा उद्याच्या गार्बेज कलेक्शननंतर. वर परत गार्बेज कलेक्शनला प्रत्येक वापरातल्या तुकड्याची अ‍ॅक्सेस टाइम बदलावी लागते, म्हणजे लिहावं लागतं, म्हणजे १०० टक्के भरलेल्या झेडएफएस वर तेही अडकू शकतं.

वीम (दुसरं एक बॅकअप सॉफ्टवेअर) मध्ये वेगळी गोष्ट. एक फुल, म्हणजे पूर्ण बॅकअप, आणि त्यानंतर फक्त बदललेलं घेणाऱ्या इन्क्रिमेंटलची चेन असते, मधली फाईल काढता येत नाही, आणि आठवड्याला फुल घेत असाल तर जुनी चेन तेव्हाच जाते जेव्हा नवीन चेनमध्ये रिटेन्शनएवढे, म्हणजे जितके ठेवायचं ठरवलंय तितके पॉइंट (एकेका वेळचे बॅकअप) पूर्ण होतात. हार्डन्ड रिपॉझिटरी म्हणजे इम्युटेबल असेल तर मुदत संपेपर्यंत वीममधून फाईल डिलीटच होत नाही, तुम्ही बॅकअपचे अ‍ॅडमिन असलात तरी. रॅन्समवेअरपासून वाचायला हे उत्तमच आहे, पण १४ दिवसांची मुदत लावली असेल तर तुमचा अलर्ट किमान १४ दिवस आधी वाजायला हवा, कारण मधल्या काळात डिस्क वाढवणं सोडून दुसरा उपायच नाही.

साधा प्रॉक्समॉक्स व्हीई चा बॅकअप, म्हणजे फाईलमध्ये डंप, त्यात किप-लास्ट ३ ठेवलं तरी जागा ४ ची लागते. नवीन बॅकअप यशस्वी झाल्यावरच सगळ्यात जुना काढला जातो. बरोबरच आहे ते, उलट केलं असतं तर नवीन फेल झाल्यावर जुनाही गेला असता.

स्टोरेजवरच स्नॅपशॉट चालू असतील, नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेज बॉक्स) वर वगैरे, तर फाईल डिलीट करूनही ती स्नॅपशॉटमध्ये जिवंत राहते. स्नॅपशॉट संपेपर्यंत जागा परत येत नाही.

आता आकडा काढू

एक उदाहरण घेऊन करतो, नुसतं सांगून कळत नाही. समजा रिपॉझिटरी २४ टीबी, वापरण्याजोगी. सगळ्या व्हीएमचा मिळून फुल बॅकअप कॉम्प्रेशननंतर ४ टीबी, रोजचा इन्क्रिमेंटल २०० जीबी, दर रविवारी खराखुरा फुल, रिटेन्शन १४ पॉइंट. ब्लॉक क्लोनिंग नाही.

१४ पॉइंट म्हणजे दोन आठवडे, म्हणजे २ फुल आणि १२ इन्क्रिमेंटल, म्हणजे ८ अधिक २.४, १०.४ टीबी. हा हिशोब सगळे करतात आणि हा हिशोब चुकतो. कारण पहिल्या आठवड्याची चेन तेव्हाच जाईल जेव्हा तिच्यानंतर १४ पॉइंट झाले असतील, म्हणजे तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी. त्या शनिवारी डिलीट व्हायच्या आधी डिस्कवर ३ फुल आणि १८ इन्क्रिमेंटल असतात, १२ अधिक ३.६, एकूण १५.६ टीबी. म्हणजे तुमचा ग्राफ दर आठवड्याला करवतीच्या दातासारखा ४३ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर चढतो आणि धाडकन खाली येतो. हे नॉर्मल आहे. ६० टक्क्यांवर अलर्ट लावला तर दर आठवड्याला खोटी बोंब, आणि खोट्या अलर्टचं काय होतं माहितीये, आधी फिल्टर लागतो, मग वाचणं बंद.

आता त्या दाताच्या टोकाला ८.४ टीबी मोकळे. एखाद्या दिवशी कोणी हाताने एक जास्तीचा फुल मारला तर ४ टीबी एका रात्रीत. म्हणून माझी पद्धत अशी की एका झटक्यात होऊ शकणारी सगळ्यात मोठी वाढ धरायची, इथे ४ टीबी, आणि त्यात हालचाल करायला लागणाऱ्या दिवसांची निव्वळ वाढ मिळवायची. निव्वळ वाढ म्हणजे या आठवड्याच्या टोकाचा आकडा वजा मागच्या आठवड्याच्या टोकाचा आकडा, टोकाची तुलना टोकाशीच करायची, मधल्या दिवसांशी नाही. समजा ती ३५० जीबी निघाली, म्हणजे दिवसाला ५० जीबी. नवीन डिस्क मंजूर होऊन, येऊन, लागेपर्यंत ३० दिवस जात असतील तर १.५ टीबी. वॉर्निंग झाली ५.५ टीबी मोकळे उरल्यावर, म्हणजे साधारण ७७ टक्के भरल्यावर. क्रिटिकल मी लावेन ४.२ टीबीवर, म्हणजे पुढचा फुल जेमतेम बसेल तिथे, साडेब्याऐंशी टक्के.

लोकांचा आवडता ९५ टक्क्यांचा क्रिटिकल इथे लावून बघा, तेव्हा १.२ टीबी उरलेले असतात आणि त्याच्या कितीतरी आधी रविवारचा फुल फेल होऊन गेलेला असतो. टक्केवारी सगळीकडे एकच ठेवायची सवय सोडा. २ टीबीच्या डिस्कचे १० टक्के म्हणजे २०० जीबी, १०० टीबीचे १० टक्के म्हणजे १० टीबी, दोघांना एकच नियम कसा चालेल. अलर्टमध्ये जीबी-टीबीचा आकडा टाका, आणि हो, ८ टीबीची डिस्क सिस्टममध्ये ७.२८ दिसते तो चोरीचा प्रकार नाही, मोजायच्या एककाचा फरक आहे, दोन्हीकडे एकच एकक वापरा.

तुमच्याकडे ब्लॉक क्लोनिंगवाला सिंथेटिक फुल (आधीच्या बॅकअपमधूनच जुळवलेला) असेल तर तो फुल फारशी नवी जागा घेत नाही, मग सगळ्यात मोठा झटका इन्क्रिमेंटलचा. पण इन्क्रिमेंटलही अचानक फुगतो. व्हीएमच्या आत कोणी डिफ्रॅग चालवलं, बिटलॉकर चालू केलं, डेटाबेसचे सगळे इंडेक्स रिबिल्ड केले की बॅकअपला वाटतं अर्धी डिस्क बदलली. रॅन्समवेअरने फाईली एन्क्रिप्ट केल्या तरी अगदी हेच दिसतं. त्यामुळे "आजचा इन्क्रिमेंटल नेहमीच्या तिप्पट" असा एक अलर्ट वेगळा लावला तर तो जागेपलीकडेही कामाला येतो, मला तरी हा सगळ्यात उपयोगी वाटतो.

महिन्याचे फुल वर्षभर ठेवायचं धोरण असेल, तर पहिलं वर्षभर डिस्क भरतच जाणार आणि बाराव्या महिन्यानंतर सपाट होणार. ते गळती समजून घाबरू नका, पण ते १२ फुल बसणार आहेत का हे पहिल्याच दिवशी मोजा.

टूलमध्ये आधीच जे आहे ते चालू करा

वीम मध्ये मेन मेनूतून ऑप्शन्स, तिथे नोटिफिकेशन्सचा टॅब. बॅकअप स्टोरेजवर मोकळी जागा अमुक टक्क्यांखाली गेली की वॉर्न करा, असा चेकबॉक्स आहे, डीफॉल्ट १० टक्के. वरच्या हिशोबाने तो बदला, आपल्या उदाहरणात २३. तिथेच प्रॉडक्शन डेटास्टोअरसाठी वेगळा आकडा आहे आणि त्याखाली जागा फारच कमी असेल तर त्या व्हीएमचा बॅकअप सोडून द्या असाही ऑप्शन आहे, तो प्रॉडक्शन वाचवायला चांगला आहे, पण चालू केला तर एखादी व्हीएम बॅकअपविना राहिलीये का त्यावर लक्ष ठेवा. ईमेल सेटिंग्जच्या टॅबमध्ये मेल सर्व्हर भरल्याशिवाय यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोचणार नाही. अजून एक, ही वॉर्निंग जॉब चालतो तेव्हा येते. जॉबच बंद पडला असेल तर वॉर्निंगही नाही. म्हणून फक्त यावर थांबू नका.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरमध्ये डेटास्टोअरच्या समरीत एस्टिमेटेड फुल म्हणून अंदाज दिसतो, या वाढीने कधी भरेल तो. अंदाजच आहे, पण रोज नजर टाकायला छान. गार्बेज कलेक्शन आणि प्रून दोन्हीचं शेड्यूल लावलंय ना ते बघा, नुसतं प्रून लावून गार्बेज कलेक्शन विसरलेले लोक मी बरेच पाहिलेत.

व्हीस्फिअर (व्हीएमवेअरचं) मध्ये डेटास्टोअर युसेजचा अलार्म तयारच असतो, ७५ टक्क्यांना पिवळा, ८५ ला लाल. पण तो स्क्रीनवरच दिसतो, मेल जायला अलार्ममध्ये अ‍ॅक्शन जोडावी लागते आणि व्हीसेंटरला (त्याच्या मॅनेजमेंट सर्व्हरला) मेल सर्व्हर सांगावा लागतो. नॅस असेल तर त्याच्या व्हॉल्युम सेटिंगमध्ये लो कपॅसिटीची सूचना असते, ती चालू करून आकडा बदला, दोन मिनिटांचं काम.

विंडोज रिपॉझिटरीवाल्यांनी एक खड्डा लक्षात ठेवा. फाईल सर्व्हर रिसोर्स मॅनेजरचा सॉफ्ट कोटा लावून मेल पाठवणं हा जुना आणि सोपा उपाय, पण तो रेफएस वर चालत नाही, आणि बॅकअपसाठी बरेच जण रेफएसच वापरतात. मग पॉवरशेल मध्ये गेट-व्हॉल्युम ने साइझ रिमेनिंग काढायचं, आपल्या आकड्याशी तुलना करायची आणि टास्क शेड्युलरमध्ये तासाला एकदा लावायचं. युझर लॉगिन नसतानाही चालू दे, हा पर्याय निवडायला विसरलात तर टास्क फक्त तुम्ही समोर बसलेले असतानाच चालतो, जेव्हा त्याची गरज नसते.

लिनक्सवर स्वतःची छोटी स्क्रिप्ट

मॉनिटरिंगचं मोठं तामझाम नसेल तर पंधरा-वीस ओळींची बॅश स्क्रिप्ट पुरते. क्रम असा ठेवा.

१. आधी माउंटपॉइंट -क्यू. माउंट नसेल तर थेट क्रिटिकल, जागा मोजायचीच नाही.

२. मग डीएफ ला --आउटपुट=अवेल आणि -बी१ देऊन मोकळे बाइट्स घ्या. पण नुसतं डीएफ चालवू नका. एनएफएस सर्व्हर मेला असेल आणि माउंट हार्ड, म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट बघत राहणारा असेल तर डीएफ लटकून बसतं, तासाला एक याप्रमाणे लटकलेल्या स्क्रिप्टांची रांग लागते आणि अलर्ट शून्य. दोन्ही कमांडच्या पुढे टाइमआउट -एस किल २० लावा, वीस सेकंदात उत्तर आलं नाही तर तेही क्रिटिकलच.

३. आकड्याची तुलना, वॉर्निंग आणि क्रिटिकल. आधीची अवस्था एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवा, दुसऱ्या डिस्कवर. अवस्था बदलली तरच मेल, आणि क्रिटिकल तशीच राहिली तर दिवसातून एकदा आठवण. परत ओके म्हणायला थोडं अंतर ठेवा, म्हणजे ५.५ ला वाजला तर ६ टीबी मोकळे झाल्यावरच ओके, नाहीतर सीमेवर ओके-वॉर्निंग-ओके असं मेलचं पिंगपाँग सुरू होतं.

४. मेलच्या विषयातच सगळं सांगा: कुठलं स्टोरेज, किती टीबी उरले, या वेगाने किती दिवस. रात्री झोपेत फोनवर फक्त विषयच दिसतो.

५. शेवटी, सगळं नीट चाललं तर बाहेरच्या एखाद्या हार्टबीट सेवेला एक पिंग. ते पिंग दोन तास आलं नाही तर ती सेवा तुम्हाला कळवेल. स्क्रिप्टच मेली तर कोण सांगणार, हा प्रश्न यानेच सुटतो.

स्क्रिप्ट ठरलेल्या वेळी चालवायला क्रॉन किंवा सिस्टमडी टायमर, काहीही चालेल. क्रॉनमध्ये पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, टर्मिनलवर चाललेली स्क्रिप्ट क्रॉनमध्ये कमांड सापडत नाही म्हणून मरते, कमांडचे पूर्ण पाथ द्या.

झॅबिक्स, प्रोमिथिअस असेल तर

झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं टूल, त्याच्या लिनक्स टेम्प्लेटमध्ये डिस्कचे ट्रिगर ८० आणि ९० टक्क्यांचे तयार असतात, ते मॅक्रोमधून येतात, बॅकअप होस्टवर ते मॅक्रो त्या त्या फाईलसिस्टमपुरते बदला. टाइमलेफ्ट फंक्शनही आहे, ते किती वेळात भरेल ते काढतं.

प्रोमिथिअस हेही तसलंच टूल, त्यात नोड एक्स्पोर्टरच्या (सर्व्हरचे आकडे देणारा प्रोग्राम) अ‍ॅव्हेल बाइट्सवर प्रेडिक्ट लिनिअर लावायची पद्धत आहे, शेवटच्या ६ तासांच्या वाढीवरून पुढचे २४ तास, असले नियम सगळीकडून कॉपी होत असतात. बॅकअपच्या डिस्कवर ते निव्वळ गोंधळ घालतात. रात्री जॉब चालू असताना वापराची रेषा सरळ वर जाते आणि नियम म्हणतो सकाळी डिस्क संपणार, सकाळी जॉब संपला की रेषा आडवी. त्यापेक्षा मी मिन ओव्हर टाइम ने ७ दिवसांतली सगळ्यात कमी मोकळी जागा काढतो, तीच ऑफसेट लावून त्याआधीच्या ७ दिवसांची, आणि फरकाला ७ ने भागतो. हीच ती टोकाला टोक तुलना. मात्र प्रोमिथिअस डीफॉल्टने १५ दिवसांचाच डेटा ठेवतं, दोन आठवडे बघायला ते काठावरचं आहे, रिटेन्शन वाढवून घ्या. आणि मेट्रिकच गायब झाली तर त्यासाठी अ‍ॅबसेंट चा नियम वेगळा लावा, माउंट गेलं की ती ओळच गायब होते आणि नसलेल्या आकड्यावर कुठलाही नियम वाजत नाही.

मेल जातो कुठे

मॉनिटरिंगची व्हीएम त्याच होस्टवर, त्याच डेटास्टोअरवर, आणि मेल सर्व्हरपण तिथलीच एक व्हीएम. डेटास्टोअर भरलं की तिघंही एकदम झोपतात. निदान क्रिटिकल तरी बाहेरून जाऊ दे, एसएमएस, टेलिग्राम बॉट, काहीही. आणि मेल एका माणसाच्या पत्त्यावर नको, ग्रुपच्या पत्त्यावर हवा, नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये शेकडो वॉर्निंग पडून असल्याचं नंतर सापडतं.

अलर्ट आला, आता

सगळ्यात आधी फाईल मॅनेजर उघडून जुनी फाईल डिलीट करू नका. ती जुनी फाईल बहुतेक फुल असते आणि तिच्या मागे अख्खी चेन लटकलेली असते, ती गेली की बाकीच्या इन्क्रिमेंटलचा काही उपयोग नाही. डिलीट करायचं ते बॅकअप सॉफ्टवेअरमधूनच.

आधी कुठली व्हीएम फुगली ते शोधा, जॉबच्या रिपोर्टमध्ये आकार दिसतो. कारण संशयास्पद वाटत असेल तर, म्हणजे एन्क्रिप्शन वगैरे, जागेचा विषय बाजूला ठेवा आणि जुने पॉइंट अजिबात काढू नका, तेच तुमचे चांगले बॅकअप आहेत. तसं नसेल तर आज रात्रीचा फुल पुढे ढकला, इन्क्रिमेंटल चालू दे. मग अनाथ बॅकअप बघा, ज्या व्हीएम कधीच्याच उडवल्या पण ज्यांचे बॅकअप अजून पडून आहेत, कुठल्याच जॉबमध्ये नसल्यामुळे त्यांना सहसा रिटेन्शनही लागत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त जागा इथेच निघते. उडवण्याआधी ज्याची व्हीएम होती त्याला विचारा, लेखी. रिटेन्शन कमी करणं हे त्यानंतरचं, आणि ते केल्यावर जागा कधी येईल ते वर सांगितलंच आहे.

जागा मोकळी केली पण डीएफ ढिम्म, असं झालं तर एलसॉफ +एल१ बघा, डिलीट झालेली पण कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरलेली फाईल असू शकते.

टेस्ट

लावलेला अलर्ट एकदा तरी खरंच वाजवून बघा. सोपा मार्ग म्हणजे वॉर्निंगचा आकडा तात्पुरता आत्ताच्या मोकळ्या जागेपेक्षा मोठा करायचा आणि मेल येतो का, कोणाला येतो, फोनवर विषय पूर्ण दिसतो का ते बघायचं. मग शेअर अनमाउंट करून बघा, जॉब चालू नसताना. मग स्क्रिप्टचा टायमर बंद करून हार्टबीटवाला अलर्ट येतो का ते. नवीन व्हीएम जोडल्या, रिटेन्शन बदललं की वरचा हिशोब परत करा आणि आकडे बदला.

खरीखुरी जागा खाऊन टेस्ट करायची असेल तर ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस वर एफअ‍ॅलोकेट -एल ने हवी तेवढी डमी फाईल सेकंदात बनते. झेडएफएस वर मात्र ते तसं चालत नाही, आणि कॉम्प्रेशन असेल तर शून्यांनी भरलेली फाईलही जागा घेत नाही, तिथे डीडी ने यूरँडम मधून भरावी लागते. फाईलच्या नावातच "टेस्ट, डिलीट करा" असं लिहा आणि तारीख टाका. माझी अशी एक ३०० जीबीची फाईल सात महिने डिस्कवर पडून होती, आणि जागा कुठे गेली ते शोधायला मीच बसलो होतो.